शेजारच्या खोलीतली झोप

६ जानेवारी

कंपनी दरवर्षी नव्या वर्षाला स्टीलचा डबा देते. यंदा डायरी दिली. घरात डब्यांची चळत लागली आहे, त्यामुळे बरंच झालं म्हणायचं. पण डायरीत लिहायचं काय? घरात मी एकटी, भांडायलासुद्धा कोणी नाही. तरी लिहून बघते. कंटाळा आला तर सोडून देईन, कोण विचारायला येतंय.

सकाळी लेकीचा फोन. तो रोजच असतो, मी चहा टाकते त्या सुमारास. बोलायचं काही नसतं. "उठलीस?" "उठले." "बरं, ठेवते." हा काय फोन झाला? एवढी शिकलीसवरली, पण सवयी एकेक. आज मात्र पुढे बोलली. मार्चमध्ये बाळ येणार, तर मी दोन महिने तिच्याकडे येऊन राहावं म्हणते. मी म्हटलं, रजा मिळायची नाही. "विचारलंस का तू?" म्हणाली. मी म्हटलं, विचारते. विचारणार नाही आहे.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही. मी घोरते. थोडंथोडकं नाही. तिचा बाप म्हणायचा, तुझ्याशेजारी झोपणं म्हणजे पिठाच्या गिरणीत झोपणं. एक दिवस म्हणाला, मला माझी झोप हवी, आणि बॅग भरून गेला. लेक तेव्हा दुसरीत होती. त्याच महिन्यात त्याच्या ऑफिसातली टायपिस्ट त्याच्याकडे राहायला गेली, पण ती नंतरची गोष्ट. मूळ कारण माझं घोरणंच. त्यानं स्वतः तसं सांगितलं आहे.

तेव्हापासून कानाला खडा. कोणाच्या देखत झोपायचं नाही. कोणाकडे मुक्काम नाही, सहल नाही, रात्रीचा प्रवास नाही. लेकीला तेव्हाच वेगळ्या खोलीत झोपवायला लागले, मधलं दार लावून. तिला कधी काही कळू दिलं नाही. बाकी आई म्हणून माझं बरंच चुकलं असेल, पण एवढं नीट केलं.

१७ जानेवारी

आज कारखान्यात लाज गेली.

आमचं काम बाटल्या पाहण्याचं. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात, मागे दुधी काचेतून उजेड, आणि आपण खुर्चीत बसून खोट असलेली बाटली उचलायची. कुठे बुडबुडा, कुठे केसाएवढा तडा. सगळ्यात वाईट म्हणजे काचेची तार. बाटलीच्या आत एका भिंतीपासून दुसरीपर्यंत बारीक तार राहते, ती तुटून औषधात पडली तर पिणाऱ्याच्या पोटात जाते. मला इथे सगळे घार म्हणतात. माझ्या नजरेतून तार सुटली असं आजवर झालं नव्हतं.

आज सुटली. एक नाही, ओळीनं तीन. पुढे चष्मेवाली बसते, तिनं उचलल्या. ती माझ्या लेकीपेक्षा लहान आहे. कोणाला सांगितलं नाही, फक्त जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुमचे डोळे उघडे होते, पण तुम्ही तिथं नव्हता." मी म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतो. ती म्हणाली, "उजेड रोजचाच आहे."

हे अलीकडे होतंच. सकाळी उठते ती डोकं धरूनच. रात्री चार वेळा उठावं लागतं. बसमध्ये पेंग, जेवताना पेंग. वय झालं, दुसरं काय. पण शिफ्टसाहेबांनी पाहिलंच होतं. उद्या कंपनीच्या डॉक्टरांकडे जा म्हणाले.

१८ जानेवारी

डॉक्टर तरुण आहेत, पण चिवट. रक्तदाब दोनदा मोजला, मग दुसऱ्या हाताला मोजला. "तीन गोळ्या चालू असताना हा एवढा कसा?" मला काय विचारता, गोळ्या तुम्हीच दिल्यात. मग म्हणाले, "घोरता का?"

मी सरळ कानावर हात ठेवले. एकटी झोपते, मला कसं कळणार म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, काही लोकांचा झोपेत घसा मिटतो आणि श्वास थांबतो. मेंदू घाबरून जागं करतो, पण माणसाला आठवत नाही. असं रात्रभर चालतं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. वर्षानुवर्षं तसंच सोडलं तर रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही, हृदयावर ताण येतो, पक्षाघाताची भीती वाढते, आणि दिवसा जागेपणी डुलक्या येतात. "बायकांना उशिरा कळतं, कारण त्या सांगत नाहीत," असंही म्हणाले, माझ्याकडे बघून.

एक पेटी मिळणार आहे. ती लावून घरीच एक रात्र झोपायचं. त्यात सगळं नोंदलं जातं म्हणे.

२ फेब्रुवारी

पेटी काल आणली. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी. आरशात पाहिलं आणि मलाच हसू आलं. हसायला दुसरं कोणी नव्हतं.

मग विचार केला. बाहेरचा माणूस माल तपासायला आला की आपण काय करतो? पुढे चांगल्याच पेट्या लावतो. वर्षानुवर्षं पाहते आहे. मग मीच का खराब माल पुढे ठेवू? आवाज त्या पेटीत भरून जाणार, चार लोक बसून ऐकणार. मी खुर्चीत ताठ बसले, रेडिओ बारीक लावला आणि डोळ्याला डोळा लागू दिला नाही. घोरलेच नाही तर नोंदवणार काय? सकाळी पेटी परत करून थेट कामावर गेले.

आज दिवसभर चष्मेवाली माझ्या नजरेतून सुटलेल्या बाटल्या उचलून परत माझ्याकडे पाठवत होती. मी तिच्याशी बोलले नाही.

११ फेब्रुवारी

पास झाले. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांचा चेहरा मात्र पडला होता. "मला पटत नाही," म्हणाले, "एक रात्र झोप तपासतात त्या केंद्रात जाऊन झोपा, तिथे लक्ष ठेवायला माणूस असतो." माणूस असतो म्हणूनच तर नको. मी म्हटलं, पास तो पास.

घरी येताना पाय हलके वाटत होते. आता लेकीला काही सांगायला लागणार नाही. जाईन, आठवडाभर राहीन, रात्री जागत बसेन. जमलं की एकदा जागणं.

१० मार्च

गेल्या आठवड्यात मुलगी झाली. लेक बरी आहे. रजा मागितली तर शिफ्टसाहेबांनी लगेच दिली, वर म्हणाले, जरा जास्तच घ्या. हे मला लागलं.

लेकीचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, पुस्तकं फार. बाळ म्हणजे नुसतं गाठोडं. मी हातात घेतलं आणि त्यानं माझं बोट धरलं. सगळीच बाळं धरतात हे मला माहीत आहे, तरी डोळे भरून आले. जावई मनमिळाऊ आहे. माझी गादी त्यानं लेकीच्या पलंगाशेजारी घातली, तो स्वतः बाहेरच्या खोलीत. मी म्हटलं, मला स्वयंपाकघरात बरं वाटतं. तो म्हणाला, "तिथं कसं झोपाल?" मी म्हटलं, सवय आहे. कसली सवय ते त्यानं विचारलं नाही, सज्जन माणूस.

१४ मार्च

रात्री स्वयंपाकघरात स्टुलावर बसते. बाळाचे कपडे घडी करते, ओटा पुसते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते. लेक तरी नीट झोपत असेल म्हणावं, तर ती मध्येमध्ये दाराशी येऊन उभी राहते. "आई, झोप ना." मी म्हणते, झोपतेच आहे. बाळ शांत असलं तरी ही उठते. लहानपणापासून तिची झोप सावध. कोणावर गेली कोण जाणे.

दिवसा मला भिंती हलल्यासारख्या दिसतात. काल जावयाला दोनदा तेच विचारलं, त्यानं दोनदा तेच उत्तर दिलं.

१७ मार्च

लिहायचं नव्हतं. पण दुसरं कोणाला सांगू?

दुपारी लेक अंघोळीला गेली. बाळ माझ्या मांडीवर. खुर्ची हाताची, खिडकीतून ऊन येत होतं. मी त्याला थोपटत होते, आणि मग एकदम लेक समोर, ओल्या केसांनी, आणि बाळ तिच्या हातात. मधलं काही मला आठवत नाही. ते माझ्या कुशीतून घसरून खुर्चीच्या हाताशी अडकलं होतं, तोंड खुर्चीच्या गादीत. रडत नव्हतं. लेकीनं उचलल्यावर रडलं, तेव्हा जीव भांड्यात पडला.

बाळाला काही झालं नाही. डॉक्टरांनी तपासलं. लेक ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "आई, यापुढे बाळाला तू एकटीनं घ्यायचं नाहीस. आम्ही कोणीतरी शेजारी असू तेव्हाच."

मी सांगायला लागले की प्रवासाचा शीण आहे. तिनं मध्येच थांबवलं. "मला माहीत आहे तू का जागतेस. मी लहान होते तेव्हापासून माहीत आहे. तुझा आवाज यायचा आणि मध्येच थांबायचा. थांबला की मी उठायचे, दार ढकलून तुझ्याजवळ येऊन उभी राहायचे. पुन्हा सुरू झाला की परत जायचे."

म्हणजे ऐकू जात होतं. इतकी वर्षं रोज रात्री ऐकू जात होतं. मी दार लावायचे आणि समजायचे की झाकलं. तिच्यासमोर मान वर करता येईना.

"तू आधी बरी हो," म्हणाली. "मग ये. पण बरी होऊन ये." एवढ्या सभ्यपणे कोणी मला कधी घराबाहेर काढलं नव्हतं.

२० मार्च

घरी आले. घर होतं तसंच आहे. सगळं जागेवर, हलवायला कोण आहे. भाजी निवडताना जाणवलं की दोन माणसांची घेतली.

सकाळी तिचा फोन आला, मी उचलला नाही. लगेच पुन्हा आला. मग पुन्हा. शेवटी शेजारीण धावत आली, "अहो, तुमची मुलगी घाबरलीय, दार वाजवून बघा म्हणतेय." मी उचलला आणि म्हटलं, जिवंत आहे. मग तिनं ठेवला. रागावली असावी.

८ एप्रिल

डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. खुर्ची, रेडिओ, बाळ, सगळं. ते म्हणाले, "तुम्ही परीक्षेत कॉपी केलीत, तीही स्वतःचंच नुकसान करणारी." मग काल केंद्रात झोपले.

रात्रभर लक्ष ठेवायला एक तंत्रज्ञ बाई होत्या, माझ्याच वयाच्या, पायात आवाज न करणाऱ्या चपला. डोक्याला, हनुवटीला, पायांना वायरी चिकटवताना त्या भाज्यांच्या भावाबद्दल बोलत होत्या. मी म्हटलं, "बाई, मी फार घोरते, तुम्हाला त्रास होईल." त्या म्हणाल्या, "काल एक पहिलवान होते, त्यांच्यापुढे तुम्ही काहीच नाही." किती वर्षांनी मी हे वाक्य कोणाला तरी बोलले, आणि पुढे काहीच झालं नाही. झोप लागली.

सकाळी त्यांनी पडद्यावर दाखवलं. श्वासाची रेघ वरखाली, वरखाली, आणि मग सपाट. सपाट. मग एकदम मोठी उसळी. पुन्हा तेच. मी विचारलं, सपाट म्हणजे? त्या म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही श्वास घेत नव्हता." अशा सपाट रेघा सगळ्या पानांवर होत्या. मला वाटायचं माझा दोष म्हणजे आवाज. आवाज येत होता तेव्हा निदान मी श्वास तरी घेत होते.

२५ एप्रिल

यंत्र मिळालं. हवा दाबानं नाकात सोडतं, त्यामुळे घसा मिटत नाही. मास्क, नळी, पट्टे. पहिल्या रात्री वाटलं, कोणी तोंडावर पंखा बांधलाय. दुसऱ्या रात्री झोपेत काढून फेकला. तिसऱ्या रात्री लावलाच नाही. नाकावर लाल वळ उमटला, कारखान्यात सगळे विचारतात, घार कोणाशी झुंजली.

५ मे

आठवडाभर यंत्र कपाटात होतं. डोकेदुखी तशीच. आज तंत्रज्ञ बाईंचा फोन, "वापरत नाही वाटतं?" यंत्र इकडून तिकडे खबर देतं म्हणे. असलं चुगलखोर यंत्र मी आधी पाहिलं नव्हतं.

बोलावलं म्हणून गेले. त्यांनी मास्क लावून दाखवा म्हटलं. मी लावला. "अहो, हे काय, खोक्याला पट्टी आवळताय का?" मी खरंच तसाच आवळत होते, माल बांधावा तसा. त्यांनी पट्टे सैल केले, एका मापानं लहान मास्क दिला. म्हणाल्या, "हे चष्म्यासारखं आहे. लावाल तोवर दिसेल, काढलं की पुन्हा धूसर. एक-दोन रात्री चांगल्या गेल्या म्हणून कपाटात ठेवायचं नाही." आणि निघताना म्हणाल्या, "घरी कोणी आहे का, आठवण करून द्यायला?" नाही म्हटलं. त्यांनी त्यांचा नंबर लिहून दिला.

२ जून

सकाळी उठले आणि बसून राहिले. काहीतरी नव्हतं. पाच मिनिटांनी कळलं, डोकं दुखत नव्हतं. रात्री एकदाही उठावं लागलं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीला कोणाला सांगू? लेकीला सांगावं वाटलं. तिचा फोन आलाच तेवढ्यात. "उठलीस?" मी म्हटलं, "आज फार छान उठले." ती म्हणाली, "आवाजावरून कळलं."

२८ जून

डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. म्हणाले, रक्तदाब हळूहळू ऐकायला लागलाय, पण यंत्र सोडलं तर पुन्हा डोकं वर काढेल. हा इलाज आता जन्माचा. मी म्हटलं, नवऱ्यापेक्षा टिकाऊ निघाला तर बरं. ते लाजले.

कारखान्यात आज तार सापडली, बाटलीच्या खांद्याशी, नखाएवढी. चष्मेवाली टाळी वाजवून म्हणाली, "घार परत आली." मला आनंद झाला, पण संध्याकाळी घरी कुलूप काढताना तो सांगायला कोणी नव्हतं. झोप सुधारली म्हणून घर भरत नाही. बाळ आता मान धरतं म्हणे. मी फोटोतच पाहिलं.

६ जुलै

डॉक्टरांचा कागद घेऊन लेकीला फोन केला. वाचून दाखवायला लागले, तर म्हणाली, "कागद नको. यंत्र घेऊन ये."

१३ जुलै

काल दुपारी पोचले. जावई कामासाठी बाहेरगावी. गादी लेकीच्या पलंगाशेजारीच घातलेली होती. मी यंत्र मांडलं, मास्क लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाळानं माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसलं. लेक हसली नाही. तिनं दिवा घालवला. इतक्या वर्षांत तिच्यासमोर रात्री झोपायची ही पहिली वेळ. मी डोळे मिटून पडले, आणि पुढचं मला माहीत नाही.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. लेक पलंगावर नव्हती. ती खाली, माझ्या गादीच्या कडेला, फरशीवर झोपली होती. उशी नाही, पांघरूण नाही. एक हात माझ्या छातीवर. रात्री केव्हातरी उठून आली असणार, आवाज नाही म्हणून. किती वेळ हात ठेवून बसली असेल, मला सांगता येणार नाही. माझा श्वास चालूच राहिला आणि तिला तिथंच झोप लागली.

बाळ कुरकुरायला लागलं. मग रडायला लागलं, चांगलं मोठ्यानं. ही उठेल म्हणून मी वाट पाहिली. पानाचा आवाज झाला तरी उठणारी पोर, हलली नाही. तोंड किंचित उघडं, लहानपणी तापात झोपायची तशी.

मी मास्क काढला, तिचा हात हळूच गादीवर ठेवला, उशी सरकवली. बाळाला एकटीनं उचललं. आता स्वयंपाकघरात बसले आहे, बाळ डाव्या हातावर, लिहिते आहे उजव्यानं, म्हणून अक्षर असं.

मघाशी जावयाचा फोन आला. मी हळू बोलले, ती झोपली आहे म्हटलं. तो म्हणाला, "अजून? बाळ रडलं तरी?" हो म्हटलं. मग म्हणाला, "लग्न झाल्यापासून तिला असं झोपलेलं मी पाहिलं नाही हो. उठवू नका."

मी बाळाला पोटाशी धरून रडले. दुसरीतली मुलगी, अनवाणी, रोज रात्री. माझी एवढीशी पोर माझी राखण करत होती आणि मी तिला विचित्र सवयींची म्हणत होते. तिला दूध पाजायला उठवावं लागेल थोड्या वेळानं. तोवर झोपू दे. मी जागी आहे.